मूल कुणाचं, हे ठरवण्याआधी

प्रश्न : मालाड पश्चिमेला आमच्या सोसायटीत आम्ही काही वाचनवेडे महिन्यातून एकदा जमतो. गेल्या वेळी पेरुमाळ मुरुगन यांच्या ‘वन पार्ट वुमन’ या कादंबरीवर बोलणं झालं. मूल होत नाही म्हणून बायकोला देवाच्या जत्रेत एका रात्रीपुरतं परक्या पुरुषाकडे पाठवायचं, हे वाचून आमच्यात चांगलीच जुंपली. एक काका म्हणाले, हे सगळं लेखकाच्या डोक्यातलं, आपल्याकडे असलं काही कधीच नव्हतं. दुसरे म्हणाले, वा! नियोग तर शास्त्रातच आहे, ‘अनाहत’ सिनेमा बघा. मग शास्त्राची परवानगी होती तर त्या नवरा-बायकोने एवढं दुःख का करावं? शेवटी एका मावशींनी विचारलं की आज दवाखान्यात जाऊन दात्याचं बीज घेतात, ते तरी यापेक्षा वेगळं काय? कुणालाच नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्याल का? (एक वाचक, मालाड)

उत्तर : तुमच्या पत्रात शंका एकच दिसते, पण तिच्या पोटात तीन-चार आहेत. असं खरंच होतं का? शास्त्राने मोकळीक दिली असेल तर दुखलं कुठे? मूल नसलेल्या जोडप्यांपुढे दुसरे कोणते रस्ते होते? आणि आजचा दवाखाना म्हणजे जुनाच नियोग का? एकेक घेऊ या.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट थोडक्यात. तमिळमध्ये ती २०१०मध्ये ‘मादोरुबागन’ या नावाने आली. अनिरुद्धन वासुदेवन यांचा इंग्रजी अनुवाद २०१३चा. काली आणि पोन्ना हे शेतकरी जोडपं. लग्नाला बारा वर्षं झाली, एकमेकांवर जीव आहे, पण मूल नाही. नवस, उपास, प्रदक्षिणा सगळं करून झालं. कालीने दुसरं लग्न करावं असंही सुचवून झालं, ते त्याला पटत नाही. मग घरची मोठी माणसं तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराच्या रथोत्सवाचा मार्ग काढतात. त्या उत्सवातल्या एका रात्री प्रत्येक पुरुष देवाचं रूप मानला जातो आणि मूल नसलेली स्त्री त्याच्याकडून गर्भ घेऊ शकते, अशी कादंबरीतली रूढी.

२०१४च्या डिसेंबरात तिरुचेंगोडमध्ये या कादंबरीविरुद्ध आंदोलन झालं. जानेवारी २०१५मध्ये मुरुगन यांनी आपल्यातला लेखक मेला असं जाहीर करून लिहिणं थांबवलं. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ते पुन्हा लिहू लागले. तिरुचेंगोडच्या त्या रूढीबद्दल वाद आहे आणि कादंबरी हा काही तिचा दस्तऐवज नव्हे. पण मूल नसेल तर दुसऱ्या पुरुषाकडून मिळवावं ही कल्पना लेखकाने शून्यातून काढलेली नाही. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर इथून सुरू होतं.

शंका पहिली : असं खरंच होतं का?

तुमचे दोन्ही काका अर्धेअर्धे बरोबर आहेत आणि दोघांना आधार एकाच ग्रंथात सापडेल. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात नियोगाचे नियम दिले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी नेमलेला पुरुष, बहुधा दीर किंवा जवळचा नातलग, अंगाला तूप लावून, मौन पाळून, रात्रीच जाईल. एक पुत्र झाला की काम संपलं. काहींच्या मते दोन. त्यानंतर त्या दोघांनी एकमेकांशी सासरा आणि सून यांच्यासारखं वागायचं. एवढे बारीक नियम सांगून झाले की लगेच पुढच्या श्लोकांत त्याच ग्रंथात ही चाल निंद्य, पशूंना शोभणारी म्हणून धिक्कारली आहे.

एकाच ठिकाणी परवानगी आणि निषेध कसा? महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात नियोगावरची सगळी मतं सविस्तर मांडली आहेत. त्यावरून दिसतं ते असं : फार जुन्या काळी ही चाल मान्य होती, पुढे ती खटकू लागली, आणि नंतरच्या ग्रंथकारांनी तिला ‘कलिवर्ज्य’ म्हणजे कलियुगात करू नये अशा आचारांच्या यादीत टाकलं. जुनी वचनं खोडायची नाहीत आणि नवी पाळायची, ही आपल्या शास्त्रकारांची रीत. म्हणून दोन्ही वचनं शेजारी शेजारी राहिली.

नियोगाची गरज का वाटली, हेही सरळ आहे. पिंडदान, वारसा आणि राज्य या तिन्ही गोष्टी पुत्राकडे जात. शास्त्रात बारा प्रकारचे पुत्र मोजले आहेत, त्यांत नियोगातून झालेला तो ‘क्षेत्रज’. शेत ज्याचं, पीक त्याचं, या न्यायाने मूल नवऱ्याचं धरलं जाई. बीज देणाऱ्याचा त्याच्यावर हक्क नसे. पुढे बारांतले बाकीचे प्रकार गळून गेले आणि दोनच उरले, पोटचा ‘औरस’ आणि घेतलेला ‘दत्तक’.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. नियोग म्हणजे पूर्वीच्या बायकांना केवढं स्वातंत्र्य, असं हल्ली बोललं जातं. नियम पुन्हा वाचून पाहा. कोण जाणार, केव्हा जाणार, किती वेळा, हे सगळं ठरलेलं आहे आणि ठरवणारे वडीलधारे आहेत. तिला काय वाटतं हे विचारायची जागा त्या नियमांत जवळजवळ नाही.

शंका दुसरी : शास्त्राची परवानगी होती, मग दुखलं कुठे?

याचं उत्तर महाभारतातच आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला. सत्यवतीने आधी भीष्मांना विचारलं, त्यांनी प्रतिज्ञा मोडायला नकार दिला. मग तिने स्वतःच्या लग्नाआधीच्या मुलाला, व्यासांना बोलावलं. व्यास म्हणाले, सुनांना वर्षभर व्रत करू दे, त्यांची तयारी होऊ दे. सत्यवतीला धीर नव्हता. तिने अंबिकेला एवढंच सांगितलं की आज रात्री तुझा दीर येईल. अंबिका भीष्म किंवा कुरुकुळातला आणखी कुणी येईल असं मनात धरून वाट बघत राहिली. आले ते जटाधारी, उग्र व्यास. तिने डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. अंबालिका भीतीने पांढरी पडली. अंबिकेकडे दुसऱ्यांदा जायचं ठरलं तेव्हा तिने आपले दागिने दासीच्या अंगावर चढवले आणि तिला पाठवून दिलं. धृतराष्ट्राचं आंधळेपण, पांडूचा फिकेपणा आणि दासीपुत्र विदुर यांची कारणं महाभारत या तीन रात्रींत सांगतं.

आता पुढची पिढी बघा. पांडूला शाप आहे, त्याला मूल होऊ शकत नाही. तो कुंतीला नियोगासाठी विचारतो. ती आधी नाही म्हणते, एका पतिव्रतेची कथा सांगून आपली बाजू मांडते. तो समजावतो, दोघं वाद घालतात. शेवटी ती दुर्वासांच्या मंत्राची गोष्ट त्याला सांगते आणि दोघांच्या सल्ल्याने एकेक देवाला बोलावलं जातं. तीन मुलं झाल्यावर पांडूला आणखी हवं असतं. कुंती नकार देते आणि तो नकार टिकतो.

नियोग दोन्हीकडे आहे, शास्त्रही तेच. फरक एवढाच की एकीकडे जिला जायचं तिच्यापासून अर्धी गोष्ट लपवली, दुसरीकडे नवरा-बायकोने आपसात बोलून ठरवलं. कुंतीलाही हे सोपं गेलं असेल असं मी म्हणत नाही. पण तिला नाही म्हणता आलं आणि तिचं नाही ऐकलं गेलं.

मुरुगन यांच्या कादंबरीत नेमकी हीच जागा फुटते. उत्सवाचा विषय निघतो तेव्हा काली पोन्नाला विचारतो की तू जाशील का. तिला वाटतं, याला मूल हवंय, म्हणून ती सांगते की तुझी इच्छा असेल तर जाईन. काली मात्र तिच्या तोंडून ‘नाही’ ऐकायच्या आशेवर असतो. ते उत्तर त्याला लागतं आणि तो मिटून जातो. दोघं एकमेकांसाठीच बोलत असतात आणि दोघांचा अंदाज चुकतो. पुढे पोन्नाचा भाऊ तिला सांगतो की कालीने होकार दिला आहे. तो दिलेला नसतो. कालीला त्या रात्री लांब नेऊन दारूत गुंतवलेलं असतं. पोन्ना नवऱ्याचा शब्द समजून जाते आणि काली परत येऊन बघतो तर घराला कुलूप. म्हणजे ती रात्र त्यांच्या संसारावर पडली ती घरच्यांच्या खोटेपणाच्या वाटेने. दोघांनी एकदा खोलीचं दार लावून, धीर करून सगळं बोलून घेतलं असतं तर निर्णय कोणताही झाला असता, निदान तो दोघांचा असता.

‘अनाहत’ हा अमोल पालेकरांचा २००३चा मराठी चित्रपट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. तो सुरेंद्र वर्मा यांच्या हिंदी नाटकावर बेतलेला आहे. राजा नपुंसक आहे आणि राज्याला वारस हवा, म्हणून अमात्यमंडळ ठरवतं की राणीने एका रात्रीसाठी पुरुष निवडावा. राणी सोनाली बेंद्रे, राजा अनंत नाग. राणीला जायचं नसतं, राजाला पाठवायचं नसतं, पण निर्णय दरबाराचा. राणी रात्रभर महालाबाहेर असते आणि राजा जागा असतो. सकाळी ती परतते तेव्हा आपलं शरीर, आपलं सुख यांबद्दल तिला काहीतरी उमगलेलं असतं आणि ते ती दरबाराला तोंडावर सांगते. ज्यांनी तिला फक्त वारस देणारी म्हणून पाठवलं, त्यांच्याकडे आता तिला द्यायला उत्तर नसतं. तिला पाठवताना हा विचार कुणी केलेलाच नव्हता.

तुम्हाला राजे-राण्या लांबच्या वाटत असतील तर महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’ (२०००) बघा. पुण्यातलं सुखवस्तू घर. अदितीच्या नावे तिच्या जुन्या संगीतशिक्षकाचं मृत्युपत्र येतं आणि नवरा श्रीकांत जुन्या तारखा जुळवू लागतो. पंचवीसेक वर्षांचा मुलगा आपला नाही हे त्याला कळतं. त्या काळी अदितीने खरं सांगायचा प्रयत्न केलेला असतो, पण मूल होणार या आनंदात तो ऐकायला थांबलेला नसतो. इथे नियोगही नाही, उत्सवही नाही, कुणी पाठवलेलंही नाही. तरी गुंता तोच : एकाला जे माहीत आहे ते दुसऱ्यापर्यंत पोचलेलं नाही.

मराठी कादंबरीने हा विषय त्याच्याही फार आधी हाती घेतला होता. विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, यांची ‘हिंदोळ्यावर’ १९३४ची. नवऱ्यापासून दुरावलेली अचला लग्नाच्या चौकटीबाहेर मातृत्व स्वीकारते. त्या काळी यावर मोठं वादळ उठलं. बाईने मूल कुणासाठी जन्माला घालावं, नवऱ्याच्या कुळासाठी की स्वतःसाठी, हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी लेखिकेने विचारला होता. त्यामुळे ‘आपल्याकडे असलं काही नव्हतं’ म्हणणाऱ्या काकांना ही कादंबरी जरूर द्या.

शंका तिसरी : मूल नसेल तर बाकीचे लोक काय करत?

सर्वांत सर्रास मार्ग म्हणजे दुसरं लग्न. दोष बायकोचा असं धरून चालायचं आणि सवत आणायची. मुंबई प्रांताने १९४६मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला. त्या कायद्याला आव्हान मिळालं आणि नरसू अप्पा माळी या नावाने ओळखला जाणारा खटला १९५१मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यापुढे आला. एक युक्तिवाद असा होता की हिंदूला मोक्षासाठी पुत्र लागतो, म्हणून दुसरं लग्न हा धर्माचाच भाग. न्यायालयाने उत्तर दिलं ते धर्माच्या आतूनच : पुत्राची गरज तुमचा धर्म सांगतो हे खरं, पण तोच धर्म दत्तकही सांगतो. मग बायकोवर सवत आणायची गरज उरते कुठे? कायदा टिकला. आज हिंदू विवाह कायद्याने देशभर दुसरं लग्न गुन्हा आहे.

दत्तकाचं वजन महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. १८४८मध्ये साताऱ्याचं राज्य डलहौसीने दत्तक नामंजूर करून गिळलं. झाशीला गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी मूल दत्तक घेतलं, तरी १८५४मध्ये झाशीही गेली. पण घरगुती दत्तकाचे नियम बारकाईने पाहिले की आपला मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. जुन्या कायद्यात दत्तक मुलगाच घेता येई. नवऱ्याला दत्तक घ्यायचा तर बायकोची संमती लागत नसे. आपल्याकडे विधवा नवऱ्याच्या आज्ञेशिवायही दत्तक घेऊ शके, ही मुंबईकडच्या हिंदू कायद्याची उदार बाजू, मात्र मूल लागायचं ते मेलेल्या नवऱ्याच्या नावाला.

१९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने तीन गोष्टी बदलल्या. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. अविवाहित किंवा विधवा स्त्री स्वतःसाठी मूल घेऊ लागली. आणि नवऱ्याला दत्तक घ्यायचा तर बायकोची संमती आवश्यक झाली. लग्न झालेल्या स्त्रीला मात्र नवरा धडधाकट असताना स्वतः दत्तक घेता येत नव्हतं. ते नवऱ्याच्या संमतीने शक्य झालं २०१०च्या दुरुस्तीनंतर. पन्नासहून जास्त वर्षांचा हा प्रवास एकाच दिशेचा आहे : मूल घ्यायचं तर दोघांनी हो म्हटलं पाहिजे.

मध्येच एक शंका, जी तुम्ही विचारली नाही : दोष कुणाचा?

ती विचारली नाहीत, पण तुमच्या पत्रातही ‘बायकोला पाठवायचं’ असंच आलं आहे. नवऱ्याची तपासणी आधी करायची, हे कुणाच्या मनात आलं नाही. यात तुमचा दोष नाही. शतकानुशतकं ‘वांझ’ हा शब्द बाईलाच लावला गेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगात साधारण दर सहा प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा अनुभव येतो. बारा महिने गर्भनिरोधक न वापरता नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा जोडीने असतं. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त, वेदनारहित तपासणी. तरी अनेक घरांत बायकोच्या दुर्बिणीच्या तपासण्या होऊन जातात आणि नवऱ्याचा नमुना शेवटी जातो, कधी जातच नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नपुंसकत्व म्हणजे संबंध ठेवता न येणं. वंध्यत्व म्हणजे संबंध नीट असूनही मूल न होणं. शुक्राणू कमी असलेला पुरुष इतर सर्व बाबतीत ठणठणीत असू शकतो. म्हणून ‘तपासणी करा’ म्हटल्यावर कुणाच्या पुरुषार्थाला धक्का बसायचं कारण नाही. कायदाही हा फरक मानतो. नपुंसकत्वामुळे लग्न प्रत्यक्षात आलंच नसेल तर ते रद्द करून मागता येतं. मूल होत नाही हे मात्र हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. ‘मूल देत नाहीस तर सोडून देईन’ ही धमकी कायद्यापुढे पोकळ आहे, हे अनेक सुनांना माहीत नसतं.

या विषयावर मोकळं बोलायला आपल्याकडे सुरुवात केली ती र. धों. कर्वे यांनी. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या खासगी शंकांना शास्त्रीय उत्तरं असत. त्याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू न्यायालयात मांडली. खटला ते हरले, पण कर्व्यांनी मासिक मरेपर्यंत चालवलं. आज तुम्ही सोसायटीत बसून हा प्रश्न एकमेकांना विचारू शकता, यात त्यांचा वाटा मोठा आहे.

शंका चौथी : दात्याचं बीज म्हणजे नवा नियोगच ना?

मावशींचा प्रश्न सर्वांत कठीण आहे आणि तो त्यांनी विचारला हे फार बरं केलं. आधी एक समजूत दुरुस्त करू. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हटलं की अनेकांना परक्याचं बीज आठवतं. बहुतेक वेळा तसं नसतं. बीज नवऱ्याचंच, अंडं बायकोचंच, फक्त दोन्हींचं मीलन शरीराबाहेर प्रयोगशाळेत होतं आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडतात. मुंबईत हे पहिल्यांदा साधलं ते महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी तिथे हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८मध्येच हे केलं होतं, पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या नोंदी अभ्यासून पहिला मान त्यांचाच आहे, हे जाहीरपणे सांगितलं ते याच आनंद कुमारांनी.

दाता लागतो तो नवऱ्याचं बीज किंवा बायकोचं अंडं उपयोगी पडत नसेल तेव्हाच. तेव्हा वरवर नियोगाशी साम्य आहे, हे कबूल करायला हवं. मूल जोडप्याचं, दात्याचा हक्क शून्य, हा ‘क्षेत्रज’ पुत्राचाच न्याय. फरक तीन आहेत. पहिला, यात परक्याशी शरीरसंबंध नाही. दुसरा, दाता कोण हे गुप्त राहतं, त्यामुळे दीर-भावजय यांच्या नात्यात पुढे जो अवघडपणा राहत असे तो नाही. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत मोठा फरक संमतीचा आहे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१चा. तो जानेवारी २०२२मध्ये लागू झाला. त्यात सगळ्या संबंधितांची, समजावून दिल्यानंतरची, लेखी संमती असल्याशिवाय उपचार करता येत नाही. उपचार केंद्राने जोडप्याचं समुपदेशन करावं, यशाची शक्यता आणि धोके सांगावेत, असं बंधन आहे. बीजदाता २१ ते ५५ वर्षांचा हवा आणि एका दात्याचं बीज एकाहून जास्त जोडप्यांना देता येत नाही. अंडं देणारी स्त्री २३ ते ३५ वयाची हवी आणि ती आयुष्यात एकदाच देऊ शकते. जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचं पोटचंच मानलं जातं, वारशासकट. उसन्या गर्भाशयाचा, म्हणजे सरोगसीचा, कायदाही त्याच वर्षीचा. त्याने पैशासाठी सरोगसी बंद केली. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ (२०११) चित्रपटात परदेशी बाईसाठी मूल वाढवणाऱ्या मराठी आईची जी घुसमट होती, तशा व्यवहाराला आता जागा नाही.

म्हणजे अंबिकेला जे मिळालं नाही, पोन्नाला जे मिळालं नाही, ते आज कागदावर हक्क म्हणून आहे. फक्त कागदावरची सही आणि मनातली संमती एकच असेल असं नाही. सासूच्या धाकाने बायको सही करते, लाजेने नवरा करतो. एस. व्ही. रोडवर वंध्यत्व उपचार केंद्रांच्या पाट्या आता सहज दिसतात. लोकलच्या डब्यात ‘संतानप्राप्तीची हमी’ देणाऱ्या बाबांचे कागदही चिकटवलेले असतात. हमी देणारा बाबा असो वा दवाखाना, त्याच्यापासून लांबच राहावं, कारण प्रामाणिक डॉक्टर शक्यता सांगतो, हमी देत नाही. बाईच्या वयाबरोबर यशाची शक्यता घटते आणि चाळिशीनंतर ती झपाट्याने उतरते, हे खर्चाच्या आधी सांगितलं गेलं पाहिजे.

आणखी एक भीती अनेक बायकांच्या मनात असते. उद्या भांडण झालं आणि नवरा म्हणाला की हे मूल माझं नाही, तर? दोघांच्या लेखी संमतीने उपचार झाले असतील तर कायदा त्याला ती पळवाट देत नाही. एरवीही लग्न कायम असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, हे गृहीतक १८७२च्या पुरावा कायद्यापासून चालत आलं आहे आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. ते मोडायचं तर त्या काळात पती-पत्नींची गाठच पडणं शक्य नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. मुलाच्या नशिबी बेवारसपण येऊ नये, हा त्यामागचा हेतू.

तर मग योग्य काय?

तुमच्या बैठकीत शेवटी हाच प्रश्न आला असणार. दाता, दत्तक, उपचार किंवा यातलं काहीच नको, यांपैकी कोणता मार्ग नैतिक आणि कोणता नाही, असं सरसकट सांगता येत नाही. पण तो कसा ठरला यावरून बरंच सांगता येतं. वर आलेल्या कथा आणि खटले एकत्र ठेवले तर मला त्यांतून हे दिसतं. तपासणी दोघांची आणि एकाच वेळी व्हावी. अहवाल दोघांनी एकत्र ऐकावा, त्यातला कोणताही भाग दुसऱ्यापासून लपवू नये. वडीलधाऱ्यांनी सल्ला द्यावा, निरोप्याचं काम करू नये. ‘त्याची हरकत नाही’ हे त्याच्याच तोंडून ऐकावं. आणि ‘तुझी इच्छा असेल तर’ हे उत्तर आलं की तिथेच न थांबता ‘तुझी स्वतःची इच्छा काय?’ हे विचारावं. काली आणि पोन्ना यांच्यात हा एवढा एकच प्रश्न राहून गेला.

मूल दाता किंवा दत्तकाच्या मार्गाने आलं तर त्यालाही खरं कळायला हवं. दत्तक क्षेत्रातले समुपदेशक सांगतात की मूल लहान असल्यापासून, गोष्टीच्या रूपात, थोडंथोडं सांगत जावं. मोठेपणी एखाद्या मृत्युपत्रातून कळण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आणि ‘नको’ हाही पूर्ण निर्णय आहे. र. धों. आणि मालतीबाई कर्वे यांनी मूल न होऊ देता संसार केला, तो ठरवून. कुणी उपचारांनी दमून थांबेल, कुणाला मुळातच हौस नसेल. असं जोडपं तुमच्या सोसायटीतही असेल. त्यांना हळदीकुंकवाला, बारशाला, डोहाळजेवणाला इतरांसारखंच बोलवा, ओटीचा मान द्या, आणि ‘गुड न्यूज कधी?’ हे विचारणं सोडून द्या. मूल कधी आणि कसं, हे त्या दोघांनी ठरवायचं आहे, आणि ठरल्यावर कुणाला सांगायचं हेही त्यांनीच.